पोथीशेजारचा ग्रंथ

(मठाच्या वर्धापनदिनी, ग्रंथकपाटाच्या उद्घाटनप्रसंगी पांडेसरा, सुरत येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मठाचे ग्रंथकपाट माझ्यासारख्या एका निवृत्त शिक्षकाच्या हातून उघडले जावे, ही श्रीगुरूंची कृपा होय; माझी योग्यता नव्हे. कपाट साधे आहे. त्याच्या वरच्या खणात श्रीगुरुचरित्र, ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत, नवनाथ भक्तिसार, आणि श्रीधरस्वामींचे रामविजय, हरिविजय व शिवलीलामृत हे ग्रंथ विराजमान झालेले आहेत. त्यांच्याविषयी कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. वाद उत्पन्न झाला तो तिसऱ्या खणावरून. त्या खणात विष्णु सखाराम खांडेकर यांची ‘ययाति’, शिवाजी सावंत यांची ‘मृत्युंजय’, दुर्गाबाई भागवत यांचे ‘व्यासपर्व’, इरावतीबाई कर्वे यांचा ‘युगान्त’ आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताचे दोन खंड कोणी सद्भक्ताने आणून ठेवले.

मठाच्या सप्ताहात कित्येक वर्षे पोथी वाचणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आपल्यात आहेत. आपण सर्व त्यांना नाना म्हणतो. नानांनी हा खण पाहिला आणि ते म्हणाले, “पोथीला आपण स्नान करून हात लावतो. कादंबरी लोक खाटेवर पडून वाचतात. दोघींना एका कपाटात कशाला बसवता?” रंगाईच्या मिलमध्ये काम करणारा एक तरुण तेथे उभा होता. तो नम्रपणे म्हणाला, “नाना, मी पोथी कधी उघडलीच नव्हती. ‘मृत्युंजय’ वाचले आणि मग महाभारत काय आहे ते पाहावेसे वाटले.” दोघांचेही म्हणणे मला खरे वाटले. विश्वस्तांनी मला आज्ञा केली की, या विषयावर तुम्हीच काय ते बोला. येणेप्रमाणे हे भाषण माझ्या गळ्यात पडले आहे.

त्याच तरुणाने मला पुढे एक प्रश्न विचारला. “गुरुजी, कर्णाचे दहन कुरुक्षेत्री झाले की आपल्या अश्विनीकुमारला?” सुरतेत राहणाऱ्यांना या प्रश्नाचा अर्थ सांगावयास नको. तापीकाठी अश्विनीकुमार भागात तीन पानांचा वड म्हणून स्थान आहे, तेथे कर्णाचे मंदिर आहे, आणि लोकांची श्रद्धा अशी की, ज्या भूमीवर पूर्वी कोणाचे दहन झाले नाही अशा कुमारी भूमीवर माझा अग्निसंस्कार व्हावा, अशी याचना कर्णाने अंतकाळी श्रीकृष्णाजवळ केली. ती भूमी येथे सापडली. महाभारताच्या स्त्रीपर्वात मात्र युद्धात पडलेल्या वीरांचे दहन रणभूमीवरच झाल्याचे वर्णन आहे, आणि त्या नामावळीत कर्णही आहे.

तेव्हा अश्विनीकुमारची कथा खोटी म्हणून सोडून द्यावी काय? थोडे थांबून पाहू. तापी ही सूर्यकन्या, कर्ण सूर्यपुत्र. भावाला अखेरचे स्थान बहिणीच्या तीरावर मिळाले, अशी ही लोकांची योजना आहे. आणि तापीचा संबंध महाभारताशी लोकांनी उगीच जोडला असेही नाही. आदिपर्वात सूर्यकन्या तपती हिचे आख्यान आहे. ती संवरण राजाची राणी आणि कुरूची माता. म्हणूनच चित्ररथ गंधर्व अर्जुनाला ‘तापत्य’ या नावाने हाक मारतो. दर आषाढ शुद्ध सप्तमीस सुरतकर जिचा जन्मदिवस साजरा करतात, जिला चुनडी अर्पण करतात, ती कौरव-पांडवांची पूर्वजमाता ठरते. आपण खानदेशची मंडळी तर याच नदीच्या वरच्या अंगाची. मुलताईहून निघालेले पाणी भुसावळकडून खानदेश ओलांडून येथे येते. आपले वाडवडील उधना-जळगाव मार्गाच्या आगगाडीत बसून तिच्यामागून आले.

मी त्या तरुणाला दोन्ही उत्तरे दिली. स्त्रीपर्वाचे हे, सुरतेचे हे. कोणते कोठले, एवढे मात्र वेगळे करून सांगितले. तो म्हणाला, “मग खरे कोणते?” या प्रश्नापाशी येऊन मनुष्य एक तर पोथी टाकतो, नाही तर संशोधकाला नास्तिक ठरवून मोकळा होतो. या दोहोंवाचून तिसरी वाट आपल्याच संप्रदायांत पूर्वी एका थोर पुरुषाने घालून दिलेली आहे. तो पुरुष म्हणजे पैठणचे श्रीएकनाथ महाराज.

नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. मधल्या तीनशे वर्षांत हाताने नकला करताना पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी निरनिराळ्या प्रती पाहून मूळ पाठ निश्चित केला. हल्लीचे विद्वान ज्याला पाठचिकित्सा म्हणतात, ते कार्य मराठीत एका संताने केले, आणि ते भक्तीपोटी केले, ही गोष्ट आपण विसरतो. त्या प्रतीच्या शेवटी नाथांनी पुढील लोकांना एक इशाराही देऊन ठेवला आहे. ज्ञानेश्वरीत जो कोणी आपली ओवी मिसळील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा त्याचा भाव आहे. नरोटी म्हणजे खोबरे काढून घेतल्यावर उरलेली नारळाची रिकामी करवंटी.

आता याच नाथांचे भावार्थरामायण उघडून पाहा. वाल्मीकींची कथा घेऊन नाथांनी तिच्यात किती भर घातली आहे! प्रसंग वाढविले, संवाद रचले, विनोद आणला, आपल्या काळातील लोकांची दुःखे त्यात ओतली. युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत ते आले आणि पुढील भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला. म्हणजे जो पुरुष ज्ञानेश्वरीत एक ओवी घालू देत नाही, तोच रामकथेत सहस्रावधी ओव्या घालतो. यात विसंगती आहे काय? मला तशी वाटत नाही. ज्ञानेश्वरी हा दुसऱ्याच्या मुद्रेचा ग्रंथ. तेथे नाथ राखणदार आहेत. भावार्थरामायण हा त्यांच्या स्वतःच्या मुद्रेचा ग्रंथ. तेथे ते कवी आहेत. आपले बोलणे त्यांनी आपल्या नावाने बोलले.

समर्थांचेही तसेच. सुंदरकांड आणि युद्धकांड मराठीत रचणाऱ्या रामदासस्वामींनी संबंध वाल्मीकिरामायण स्वहस्ते उतरून काढले होते. ती प्रत धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेवलेली आहे. आपल्यापैकी अनेकांचे गाव धुळ्याच्या पंचक्रोशीत आहे. सुटीत गावी जाल तेव्हा अवश्य दर्शन घ्यावे. शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ-वाङ्मयाच्या शोधात जन्म वेचला, त्याचे ते फळ आहे.

नाथांनी ज्ञानेश्वरीसाठी जे केले, ते महाभारतासाठी करण्याचा संकल्प पुण्यात झाला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१८ साली या कार्यासाठी एक लक्ष रुपये देण्याचे जाहीर केले आणि १९१९ साली भांडारकर मंदिरात कामास आरंभ झाला. काश्मिरातील शारदा लिपीपासून केरळातील मल्याळम लिपीपर्यंत बाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहण्यात आली. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली. १९४३ साली त्यांचा देह पडला. पुढे बेलवलकर व वैद्य या पंडितांनी ते तडीस नेले आणि १९६६ साली शेवटचा खंड बाहेर पडला. सत्तेचाळीस वर्षे! रामायणाची अशीच संशोधित आवृत्ती आपल्या शेजारी, बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने सात कांडांत १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध केली. गुजरात आणि महाराष्ट्र या दोन प्रांतांनी दोन इतिहासकाव्ये राखली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

आता भक्ताच्या मनाला टोचणारा भाग. या आवृत्तीत ज्या श्लोकांना जुन्या व परस्पर स्वतंत्र अशा प्रतींचा आधार नाही, ते श्लोक मुख्य संहितेतून काढून खाली तळटिपांत किंवा परिशिष्टात छापलेले आहेत. श्रीगणेशाने महाभारत लिहून घेतले ही कथा अशीच परिशिष्टात गेली. आणि सभापर्वात, जेथे दुःशासन वस्त्राला हात घालतो, तेथील द्रौपदीचा श्रीकृष्णाचा धावाही तळटिपेत गेला. सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडिताने केले, ते १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या संहितेत एक वस्त्र ओढले की तसेच दुसरे प्रकट होते, पुन्हा तिसरे. सभेच्या मध्यभागी वस्त्रांची रास पडते आणि दुःशासन थकून लज्जेने खाली बसतो. वस्त्रे कोणी पुरविली, ते तेथे सांगितलेले नाही.

हे मी प्रथम वाचले तेव्हा मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या आईने मला वस्त्रहरणाची कथा सांगितली ती चिंधीपासून. श्रीकृष्णाचे बोट कापले; सुभद्रेला फाडण्याजोगे वस्त्र सापडेना; द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून बोटाला चिंधी बांधली; आणि देवाने त्या चिंधीतील प्रत्येक धाग्याची परतफेड केली. ही कथा तर व्यासांच्या कोणत्याच जुन्या पाठात नाही. पण ज्या अमळनेरात साने गुरुजींनी शिकविले, त्या आपल्या खानदेशात ही कथा न सांगणारी माउली शोधावी लागेल. गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट काढला, त्यात ही चिंधी गीत होऊन आली आणि घरोघर गेली. ते गाणे ऐकताना डोळे भरून येणाऱ्या माझ्यासारख्याला तळटीप वाचून वाटले की, आईच्या हातातील चिंधी कोणी तरी काढून घेतली.

पुष्कळ दिवस मी तो खंड उघडला नाही. नंतर उद्योगपर्व वाचीत होतो. तेही त्याच आवृत्तीचे. संजय पांडवांकडून परत येतो आणि श्रीकृष्णाचा निरोप धृतराष्ट्राच्या सभेत सांगतो. त्या निरोपात देव म्हणतात की, मी दूर असताना द्रौपदीने ‘गोविंद’ म्हणून मला हाक मारली, त्या हाकेचे ऋण माझ्यावर वाढत चालले आहे आणि ते हृदयातून जात नाही. हा श्लोक तळटिपेत नाही. तो मुख्य संहितेत, संशोधकांच्या सर्व कसोट्यांना उतरून उभा आहे. विद्वानांत यावरून मतभेद झाले, अद्यापि होतात. सभापर्वातला धावा मूळचाच असावा असे म्हणणारेही आहेत. तो वाद सोडविण्याचा मला अधिकार नाही. मला एवढेच कळले की, ज्या आवृत्तीने माझी चिंधी घेतली असे मी म्हणत होतो, त्याच आवृत्तीने द्रौपदीची हाक माझ्या पदरात घातली. आणि ती देवाच्या मुखाने, ऋण म्हणून. घाबरून कपाट बंद केले असते तर ती मला कधी मिळाली नसती.

आता दुसरी एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते, पण वर्धापनदिनी गुरूच्या दारी सांगावयाची नाही तर कोठे?

मी वर्गात महाभारत शिकवीत असे. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो, तेव्हा द्रौपदी हसते आणि ‘आंधळ्याचा पुत्र आंधळाच’ असे म्हणते; त्या एका वाक्याने महायुद्ध पेटले, असे मी वर्षानुवर्षे रंगवून सांगितले. एवढ्यावर न थांबता, वर्गात मुली मोठ्याने हसल्या की मी म्हणत असे, “पोरींनो, बाईच्या हसण्याने अठरा अक्षौहिणी सैन्य मेले, ध्यानात ठेवा!” मुले हसत, मुली खाली पाहत. पुढे एका माजी विद्यार्थिनीने मला विचारले, “गुरुजी, ते वाक्य कोणत्या पर्वात आहे? मला सापडत नाही.” मी शोधू लागलो. सभापर्वात हसतो तो भीम. त्याच्यासवे अर्जुन, नकुल-सहदेव आणि सेवक. द्रौपदी स्त्रियांसह हसली असे पुढे दुर्योधन आपल्या पित्याला सांगतो खरा, परंतु ते मत्सराने जळणाऱ्या दुर्योधनाचे सांगणे. आणि ‘आंधळ्याचा पुत्र’ हे शब्द तर तेथेही नाहीत. मी ते व्यासांच्या नावावर सांगत आलो होतो. कोणा नाटकातून, कोणा कथेकऱ्याकडून, कोठून तरी ते माझ्या कानी आले असतील. ते मी तपासले नाही, कारण ते मला सोयीचे होते. त्या मुलीला मी उत्तर दिले. ज्या शेकडो मुलींना तसले वाक्य ऐकवून गप्प बसविले, त्यांना आता कोठे शोधू?

चिंधीही नंतरची, आणि हे वाक्यही नंतरचे. दोन्ही नरोट्याच, असे कोणी म्हणेल. पण मंडळी, चिंधी सांगणाऱ्या माउलीने ती व्यासांच्या नावावर कधी खपविली नाही. ती म्हणे, “असं सांगतात, बाळ.” मी मात्र पर्वाचे नाव घेऊन सांगत होतो. शिवाय चिंधीने कोणाची मान खाली घातली नाही. अर्थात् हा माझा निवाडा झाला. कोणी तो मानावा असा आग्रह नाही.

नरोटी शब्द पुन्हा आला, तो एका विदुषीच्या स्मरणाने. इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानववंशशास्त्र शिकवीत. त्यांचा ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाला. पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. कुंती, गांधारी, कर्ण, द्रौपदी यांच्याकडे त्या माणसे म्हणून पाहतात, चमत्कार बाजूला ठेवतात. हे आपल्यापैकी कित्येकांना रुचणार नाही, आणि मलाही सर्व रुचत नाही. भर सभेत द्रौपदीने धर्माचा प्रश्न विचारला ही तिची चूक, असे बाईंचे मत आहे. माझ्या मते त्या सभेतील तेच एक निर्मळ वाक्य होते. पण त्यांच्या ‘द्रौपदी’ या लेखाचा शेवट पाहा. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी कोसळली आहे, आणि बाई तिचे अखेरचे क्षण स्वतःच्या कल्पनेने रंगवितात. तो प्रसंग मूळ भारतात नाही. ग्रंथाच्या इंग्रजी रूपात त्यांनी तेथे टीप देऊन बजावले आहे की, येथवरचे विवेचन संशोधित आवृत्तीच्या आधारे केले, येथून पुढची नरोटी माझी. आणि हा शब्द एकनाथांचा, हेही त्यांनी सांगितले. जिने देवळातल्या कथेला प्रश्न विचारले, तिने हद्द आखताना शब्द उचलला तो नाथांच्या ओवीतला! हे पान नानांना दाखविले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

कादंबऱ्यांविषयी थोडक्यात सांगतो. ‘ययाति’ १९५९ सालची. १९६० साली तिला अकादमीचा आणि पुढे, १९७४ साठीचा, ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. खांडेकरांनी त्यात कचाला परत आणले आहे. आदिपर्वातील कच संजीवनी घेऊन जातो, तो ययातीच्या कथेत पुन्हा येत नाही. आपण पुराणकथा स्वतंत्रपणे वापरली हे त्यांनी लपविलेले नाही, आणि भोगाने भोग शमत नाही ही मूळ आख्यानाची शिकवण त्यांनी कायम राखली. ‘मृत्युंजय’ १९६७ सालचे. गुजरातीतही त्याचा अनुवाद झाला असून येथील आपले शेजारी तो आवडीने वाचतात. त्यातील कर्णपत्नीचे वृषाली हे नाव इतके रूढ झाले की, लोक मुलींना ते ठेवतात. स्त्रीपर्वात गांधारी रणभूमीवर आक्रोश करणारी कर्णाच्या पुत्रांची माता दाखविते, पण तेथे तिला नावाने संबोधिलेले नाही. कोणा तरी लेखकाने त्या निनावी स्त्रीला घर द्यावे, हे मला आवडले. माझी तक्रार निराळी आहे. सावंतांचा कर्ण फार उजळ आहे. कर्णाच्या प्रेमात पडलेल्या तरुणाने सभापर्वातील कर्णाचे शब्दही वाचावेत. द्रौपदीची वस्त्रे काढून घे, अशी आज्ञा दुःशासनाला देणारा तोच आहे. व्यासांनी त्याला दानशूर म्हटले आणि हेही लिहून ठेवले.

चित्रांचे तर काय सांगावे! मठाच्या कार्यालयात लक्ष्मी व सरस्वती यांच्या तसबिरी आहेत. आपल्या डोळ्यांपुढे देवी म्हणून जे रूप उभे राहते, त्यातला मोठा वाटा राजा रविवर्मा यांचा आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे काढली. १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना घातला, तो पुढे मळवलीस गेला, आणि ज्यांना देवळात पाऊल ठेवण्यास मज्जाव होता त्यांच्याही भिंतीवर देव जाऊन बसला. औंधचे पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली निघाले. त्या काळी रविवर्म्यांच्या देवींना माणसासारखी ठेवण दिली म्हणून नाके मुरडणारे होतेच. आज आपण त्याच चित्राला हळदकुंकू वाहतो, आणि कोणी त्यात बदल केला तर आपल्याला खपत नाही.

ही स्मरणिका मराठी व गुजराती अशा दोन भाषांत निघते आहे, म्हणून एका सुरतकराचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. कवी नर्मद यांनी १८७० साली ‘नर्मकथाकोश’ प्रसिद्ध केला. पुराणांतील व्यक्तींचा तो गुजराती कोश. मराठीत सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश १९३२ साली आला. सुधारक म्हणून ज्याने उमेदीची वर्षे रूढींशी झगडण्यात घालविली, त्या नर्मदाने पुराणातील नावे मात्र वेचून सांभाळली.

आणि आपल्या दत्तसंप्रदायात तर एकच कथा नव्याने सांगण्याची परंपरा केवढी मोठी! माणगावचे श्रीवासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी, यांनी सरस्वती गंगाधरांच्या मराठी श्रीगुरुचरित्रावरून संस्कृतात द्विसाहस्री रचली, मराठीत सप्तशती रचली, निराळे दत्तपुराण लिहिले, आणि १९१४ साली नर्मदातीरी गरुडेश्वरास देह ठेवला. त्यांचे शिष्य नारेश्वरचे श्रीरंगावधूत महाराज. घर मराठी, जन्म गोध्र्याचा. त्यांनी १९३५ साली गुजरातीत दत्तबावनी रचली. गुरुचरित्रातील लीला बावन ओळींत आल्या, आणि आज आपल्या मठात मराठी व गुजराती भक्त ती एका स्वरात म्हणतात. टेंबे स्वामींनी किंवा अवधूतांनी सरस्वती गंगाधरांच्या ओव्या खोडून त्या जागी आपल्या घातल्या नाहीत. मूळ पोथी तिच्या जागी राहिली. तिच्याशेजारी नवा ग्रंथ येऊन बसला. आपल्या मुलांना मराठी पोथीचे जोडाक्षर लागत नाही म्हणून आपण हळहळतो. महानगरपालिकेच्या मराठी शाळा येथे आहेत, तरी पुष्कळ मुले गुजराती वा इंग्रजी माध्यमात जातात. त्यांच्याकरिता दत्तबावनीचा दरवाजा उघडा आहे. कोणी ‘मृत्युंजय’च्या गुजराती अनुवादाच्या दरवाजाने आला तरी मी त्याला अडविणार नाही.

कपाटाची व्यवस्था ठरली आहे ती सांगतो. पोथ्या वरच्या खणात, वस्त्रात बांधलेल्या राहतील. त्यांना स्नान केल्यावाचून हात लावू नये, ही नानांची अट सर्वांनी मान्य केली आहे. दुसरा खण मोकळा ठेवला आहे. तिसऱ्या खणातील प्रत्येक पुस्तकाच्या आतील पानावर एक चिठ्ठी डकविली जाईल. मूळ कथा कोणत्या पर्वात किंवा कांडात आहे आणि लेखकाने काय बदलले, हे त्यावर लिहिलेले असेल. हे काम मी आरंभिले आहे, परंतु ‘मृत्युंजय’ची चिठ्ठी एका पानावर मावत नाही.

काल नाना पुन्हा आले होते. ते म्हणाले, “तो उद्योगपर्वातला श्लोक मला वाचून दाखवा. आणि सभेतला प्रसंगही, जसा आहे तसा, खालच्या टिपांसकट. माझ्या नातीला घेऊन येतो.” येत्या गुरुवारी आरतीनंतर ते वाचन होईल. दिवसपाळीची मंडळी तोपर्यंत सुटलेली असतील. रात्रपाळीवाल्यांसाठी ते शनिवारी सकाळी पुन्हा करू. नानांची नात गुजराती शाळेत शिकली आहे, तेव्हा अर्थ दोन्ही भाषांत सांगावा लागेल. माझी गुजराती बाजारापुरती आहे. जमलेल्यांपैकी कोणी भगिनी किंवा बंधू हे काम पत्करतील, तर त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. कपाटाची किल्ली मी आता विश्वस्तांच्या स्वाधीन करतो.